घरातल्या जुन्या नोटा: ओळखायच्या कशा आणि खरी किंमत काढायची कशी

परभणीकडच्या आमच्या जुन्या घरात ट्रंक उपसताना लाल फडक्यात बांधलेली पोथी निघाली आणि तिच्या पानांत पाच नोटा. एक निजामाची, दोन सहाव्या जॉर्जच्या, दोन अशोकस्तंभाच्या. कुणीतरी लगेच फोनवर सर्च केलं, तर कुठं "या नोटेचे मिळवा ५ लाख" तर कुठं तीच नोट ३०० रुपयांना. घरात तासभर वाद. तेव्हापासून गेली बारा-तेरा वर्षं मी नोटा जमवतोय आणि महिन्याला दोन-तीन जण तरी मला फोटो पाठवून विचारतात, की हिचे किती येतील. मी त्यांना ज्या क्रमानं बघायला सांगतो तोच क्रम इथं सविस्तर लिहितोय. एक गोष्ट मात्र आधीच डोक्यात पक्की करा: नोट जुनी आहे म्हणून महाग नसते. सही कुणाची, त्या प्रकारच्या किती शिल्लक आहेत आणि कागद किती कोरा राहिलाय, या तिन्हीवर भाव ठरतो, आणि तिसरी गोष्ट बिघडवणं आपल्याच हातात असतं.

आधी हात आवरा

नोट सापडली की पहिली इच्छा होते ती साफ करायची. करू नका. ओल्या फडक्यानं पुसू नका, खोडरबर लावू नका, इस्त्री तर अजिबात नाही. त्या पाचातली एक दोन रुपयांची नोट, चिंतामणराव देशमुखांच्या सहीची, नंबर लाल शाईत, मधे एकच घडी होती. मी सुती रुमाल ठेवून वरून हलकी इस्त्री फिरवली. घडी दिसेनाशी झाली, मला वाटलं चला काम झालं. नंतर एका जाणत्या व्यापाऱ्याला दाखवली तर त्यानं नोट हातात घेऊन टेबललॅम्पच्या उजेडात फक्त तिरकी केली आणि म्हणाला, दाबलीय. मग त्यानं शेजारी दुसरी न दाबलेली नोट तशीच तिरकी धरली. तिच्यावरची छपाई कागदातून उठून आल्यासारखी, बोटाला जाणवेल अशी खरखरीत, आणि माझी सपाट, पोस्टरसारखी. शिवाय पाठीमागून उजेड धरला तर घडीची रेघ जशीच्या तशी, तिथले कागदाचे धागे तुटलेले, ते इस्त्रीनं जोडले जात नाहीत. घडी असलेली नोट म्हणून जी किंमत आली असती तीही गेली. मला अजून वाईट वाटतं त्याचं.

तर हात धुऊन, कोरडे करून, नोट कडेनं धरायची. सेलोटेप लावायची नाही, आधीच लावलेली असेल तर ओढायची नाही. झेरॉक्सच्या दुकानात जाऊन लॅमिनेट करणारे खूप लोक आहेत, ती नोट कलेक्शनच्या दृष्टीनं संपली असं समजा. ठेवायला पॉलिस्टरचं पारदर्शक पाकीट घ्या, पीव्हीसीचं नको, कारण पीव्हीसी काही वर्षांनी चिकट होतं आणि नोटेला धरतं. पावसाळ्यात लोखंडी कपाटात कोपऱ्याला ठेवू नका, ओल आणि कसर दोन्ही लागते.

साहित्य फार लागत नाही. दहापट मोठं दाखवणारं भिंग, चांगला टेबललॅम्प, मिलिमीटरची पट्टी, आणि जमलं तर लहानसा यूव्ही टॉर्च.

नोट कुणी काढली ते बघा

सगळ्यात वरचं नाव वाचा. भारतात जुन्या काळी बँकाच नोटा काढायच्या, बँक ऑफ बॉम्बे १८४० पासून होती, पण १८६१ च्या कायद्यानं हा अधिकार सरकारकडं गेला. मग आधी राणी व्हिक्टोरियाच्या चित्राच्या नोटा आल्या आणि त्यानंतर एका बाजूनंच छापलेल्या, पांढऱ्या कागदाच्या, मोठ्या नोटा, ज्यांवर तारीख आणि मुंबई, कलकत्ता, मद्रास, कानपूर, कराची, लाहोर, रंगून असं ठिकाण छापलेलं असतं. हे ठिकाण म्हणजे ती नोट ज्या मंडळातली, म्हणजे नोटा काढणाऱ्या ज्या सरकारी विभागातली, त्याचं नाव, आणि एकाच तारखेच्या आसपासच्या दोन नोटांत ठिकाणामुळं भावात मोठा फरक पडतो. अशी एकाच बाजूची नोट अर्धीच सापडली तर टाकून देऊ नका. त्या काळी पोस्टानं पैसे पाठवताना नोट मधोमध कापून अर्धी आधी पाठवायचे आणि पोचल्याचं कळलं की उरलेली अर्धी पाठवायचे. त्यामुळं मधे कापून मागून पट्टी चिकटवलेल्या नोटा खऱ्याच असतात, फक्त भाव अख्ख्या नोटेचा येत नाही.

रिझर्व्ह बँक १ एप्रिल १९३५ ला सुरू झाली, पण तिची स्वतःची पहिली नोट १९३८ च्या जानेवारीत आली, पाच रुपयांची, सहाव्या जॉर्जच्या चित्राची. म्हणजे वर 'रिझर्व्ह बँक ऑफ इंडिया' लिहिलेलं असेल तर ती १९३८ च्या आधीची असूच शकत नाही, कुणी काहीही सांगो.

एक रुपयाची नोट वेगळी. ती भारत सरकारची असते, तिच्यावर गव्हर्नरची नाही तर अर्थ खात्याच्या सचिवाची सही असते आणि नाण्याचं चित्र असतं, त्या नाण्यावर साल. पहिली एक रुपयाची नोट १९१७ ची, पहिल्या महायुद्धात चांदीचा तुटवडा पडला तेव्हाची, पाचव्या जॉर्जच्या रुपयाचं चित्र असलेली. तिच्यासोबतच दोन रुपये आठ आण्यांची एक नोट निघाली होती. अडीच रुपयांची नोट म्हटलं की लोकांना खोटं वाटतं, पण ती खरी आहे, आणि १९२६ पासून बंद झाली म्हणून आज दुर्मिळ आहे.

आपल्याकडच्या घरांत आणखी दोन प्रकार निघतात. मराठवाड्यात निजामाच्या हैदराबाद संस्थानच्या नोटा, ज्याला जुने लोक हाली म्हणायचे. या १९१८ पासून निघाल्या, त्यांवर उर्दूबरोबर मराठी, तेलुगू, कन्नडही असतं, त्यामुळं मराठी अक्षरं दिसली म्हणून ती साताऱ्याची की कोल्हापूरची असं शोधत बसू नका. आणि गोव्यात पोर्तुगीजांच्या बांको नासिओनाल उल्त्रामारिनोच्या नोटा, आधी रुपियात आणि १९५९ पासून इश्कुदात. एका रुपियाचे सहा इश्कुद धरलेले, म्हणून तर ३०, ६०, ३००, ६०० अशा आपल्याला विचित्र वाटणाऱ्या रकमा दिसतात. ही १९५९ ची मालिका जेमतेम तीन वर्षं चालली, १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला.

साल नाही, मग सही वाचा

इथं बहुतेक जण अडकतात. रिझर्व्ह बँकेच्या नोटांवर पाठीमागं साल छापणं २००५ ला सुरू झालं. त्याआधीच्या नोटेवर (एक रुपया सोडून) साल सापडणार नाही, काळ ठरवायचा तो गव्हर्नरच्या सहीवरून. भिंगाखाली सही बघा, एकदा पाच-सहा सह्या डोळ्यात बसल्या की मग लांबूनही ओळखू येतात.

पहिले गव्हर्नर ऑस्बोर्न स्मिथ, त्यांनी एकाही नोटेवर सही केली नाही, त्यामुळं "स्मिथ सहीची नोट" कुणी विकत असेल तर तिथून उठा. जे. बी. टेलर यांची सही १९३८ च्या नोटांवर. मग सी. डी. देशमुख, १९४३ ते १९४९, पहिले भारतीय गव्हर्नर आणि आपले रायगडचे, म्हणजे तेव्हाच्या कुलाब्याचे. राजाचं चित्र आणि खाली मराठी माणसाची सही अशी ती नोट हातात घेतली की मला दर वेळी बरं वाटतं. त्यांच्यानंतर बी. रामा राव, एच. व्ही. आर. अय्यंगार, पी. सी. भट्टाचार्य, एल. के. झा, एस. जगन्नाथन, के. आर. पुरी, एम. नरसिंहम, आय. जी. पटेल, मनमोहन सिंग अशी रांग.

साधारण नियम असा, की ज्याचा कार्यकाळ छोटा त्याच्या सहीच्या नोटा कमी. बी. एन. आडारकर १९७० मधे ४२ दिवस गव्हर्नर होते, आणि गांधी जन्मशताब्दीच्या नोटांवर, ज्यांवर बसलेल्या गांधीजींचं चित्र आहे, आधी झांची आणि मग आडारकरांची सही येते. दोन्ही नोटा दिसायला सारख्या, म्हणून सही बघितल्याशिवाय गांधी शताब्दीची नोट कुणाला देऊन टाकू नका. एन. सी. सेनगुप्ता १९७५ मधे तीनेक महिनेच होते आणि त्यांची सही फक्त हजाराच्या नोटेवर येते. के. जी. आंबेगावकर १९५७ मधे दीड महिना गव्हर्नर होते पण त्यांच्या सहीची रिझर्व्ह बँकेची नोट नाहीच. त्यांची सही मिळते ती एक रुपयाच्या नोटेवर, सचिव असतानाची. असंच झा, आय. जी. पटेल आणि मनमोहन सिंग यांचं, एक रुपयावर सचिव म्हणून आणि मोठ्या नोटांवर गव्हर्नर म्हणून. काही जण नुसत्या या जोड्या जमवतात, छान छोटा संग्रह होतो तो.

एक रुपयाच्या नोटेला साल आणि सही दोन्ही जुळवून बघायचं, कारण नाण्यावरचं साल तेच राहून सही बदललेली असते. १९५७ सालच्या नोटा एच. एम. पटेल, ए. के. रॉय आणि एल. के. झा अशा तीन सह्यांत मिळतात. १९३५ सालचं नाणं दाखवणारी, जे. डब्ल्यू. केलींच्या सहीची नोट तर चलनात आली १९४० ला.

मग बारीक खुणा

एकच किंमत, एकच सही, तरी दोन नोटांत फरक असतो. नंबराची शाई बघा: देशमुखांची दोन रुपयांची नोट काळ्या नंबराची वेगळी आणि लाल नंबराची वेगळी. नंबराच्या पट्टीत मागं फिकट छापलेलं एखादं इंग्रजी अक्षर असतं, ए, बी, सी असं, त्याला इन्सेट म्हणतात. ते आहे का नाही आणि कोणतं, हे वहीत लिहून ठेवा. एखाद्या सहीखाली एक इन्सेट लाखांनी मिळतं आणि दुसरं शोधून सापडत नाही.

अशोकस्तंभाच्या सुरुवातीच्या नोटांवर हिंदीत 'दो रुपया' असं छापलेलं होतं, मग 'रुपये' बरोबर असं ठरलं आणि ते बदललं. म्हणून रामा राव यांच्या सहीची नोट हातात आली की आधी हिंदी अक्षरं वाचायची.

नंबराआधी झेड असेल आणि रंग नेहमीपेक्षा वेगळा असेल तर नीट बसा. १९५९ मधे आखाती देशांसाठी, म्हणजे कुवेत, बहारीन, कतार वगैरे जिथं तेव्हा रुपयाच चालायचा तिथं, वेगळ्या रंगाच्या नोटा काढल्या होत्या. नंबराआधी एचए असेल तर ती हज यात्रेकरूंसाठीची, दहाची आणि शंभराची, तीही त्याच सुमाराची. कोकणातल्या आणि मुंबईतल्या काही मुस्लीम घरांत, आणि बोटीवर नोकरीला असलेल्या लोकांकडं अशा नोटा राहिलेल्या असू शकतात, आणि त्यांना त्या फक्त "रंग उडालेल्या" वाटतात.

फाळणीनंतर १९४८ मधे भारताच्याच नोटांवर 'गव्हर्नमेंट ऑफ पाकिस्तान' इंग्रजीत आणि उर्दूत छापून त्या तिकडं वापरल्या. ब्रह्मदेशासाठीही अशाच जादा ओळी छापलेल्या आहेत. पण हे प्रकरण सांभाळून, पुढं सांगतो.

नंबराच्या मधे तारा असलेल्या नोटा २००६ पासून सुरू झाल्या, आधी १०, २० आणि ५० च्या. छपाईत खराब झालेल्या नोटेच्या जागी तारावाली घालतात. तारा आहे म्हणून ती नकली, असा गैरसमज अजून आहे, आणि तारा आहे म्हणून ती हजारोंची हाही तेवढाच चुकीचा.

प्रत (नोटेचा दर्जा) ठरवणं, यातच सगळा खेळ

नोट लॅम्पखाली तिरकी धरून, मग मागून उजेड घेऊन, चारही कोपरे भिंगातून बघा. एकही घडी नाही, कोपरे टोकदार, कागद कडक, ती अनसर्क्युलेटेड, आपल्या भाषेत कोरी. मोजताना पडलेला हलका बाक किंवा एखादी पुसट घडी असेल तर ती त्याखालची, जवळपास कोरी. दोन-तीन हलक्या घड्या पण कागदात कडकपणा आहे ती एक्स्ट्रा फाइन. बऱ्याच घड्या, थोडी मळलेली पण लुळी न पडलेली ती व्हेरी फाइन. लुळी पडली, कडा झिजल्या की फाइन, आणि त्याखाली भोकं, तुकडे गेलेले, ते फक्त फार दुर्मिळ नोटेतच चालतं. घरच्या नोटेला आपण नेहमी एक पायरी वर टाकतो, मनाची तयारी ठेवून एक पायरी खालीच लिहा.

टाचणीच्या भोकांचं मात्र वेगळं आहे. २००१ मधे रिझर्व्ह बँकेनं बँकांना नोटांच्या गड्ड्या स्टेपल करायला मनाई केली, त्याआधी गड्डी टाचलेलीच यायची. त्यामुळं जुन्या कोऱ्या नोटेला डाव्या बाजूला दोन भोकं असणं हे नैसर्गिकच, तेवढ्यानं ती कोरी राहत नाही असं नाही. उलट १९६० सालची शंभराची नोट कोरी आहे आणि एकही भोक नाही म्हणाले तर मी जास्त निरखून बघतो, भोकं भरलीत का म्हणून. मागून उजेड धरला की भरलेल्या जागी कागदाचा रंग थोडा गडद किंवा फिका दिसतोच.

आपल्याकडं आणखी एक नेहमीचं: लक्ष्मीपूजनाला वर्षानुवर्षं ठेवलेली नोट, हळद-कुंकू लागलेली. कुंकवाचा डाग निघत नाही, काढायला गेलं तर छपाई जाते. तो डाग तसाच राहू द्या आणि विकताना स्पष्ट सांगा. बँकेतल्या कारकुनानं पेनानं लिहिलेला आकडा, शिक्का, हे सगळं भाव उतरवतं, पण लपवलेला दोष जास्त उतरवतो.

धुतलेली नोट ओळखायला यूव्ही टॉर्च. नोटेचा कागद कापसाच्या धाग्याचा, यूव्हीखाली तो मंद दिसतो. कपड्याच्या पावडरमधे चकाकी देणारं रसायन असतं, टिनोपालसारखं, त्यामुळं धुतलेली नोट सगळीकडून निळसर पांढरी चमकते. साधी रंगीत झेरॉक्स पण अशीच चमकते.

असली का नकली

रंगीत प्रिंट करून चहाच्या पाण्यात बुडवलेल्या 'जुन्या' नोटा यात्रेत सर्रास मिळतात. भिंगाखाली बघितलं की खऱ्या नोटेत अखंड रेघा दिसतात आणि प्रिंटात रंगाचे ठिपके. वॉटरमार्क कागदाच्या आत असतो, उजेड मागं असेल तरच उमटतो, नुसता समोरून बघून राखाडी दिसला तर तो छापलेला. दुसऱ्या महायुद्धात जपान्यांनी आपल्या नोटांच्या चांगल्या नकला केल्या म्हणून वॉटरमार्कमधे राजाचा चेहरा बाजूनं होता तो समोरून घेतला आणि सुरक्षा धागा पहिल्यांदा आला, तर आपली नोट या बदलाच्या अलीकडची का पलीकडची तेही इथंच कळतं.

जास्त धोका खऱ्या नोटेत केलेल्या फेरफाराचा. साध्या नोटेवर नंतर 'पाकिस्तान' किंवा 'बर्मा'चा शिक्का मारतात. मूळ जादा छपाई एकसारखी, सरळ आणि त्याच मालिकेच्या नोटेवर असते. रबरी शिक्क्याची शाई कडेला जमते आणि कागदात पसरते. फॅन्सी नंबरात, म्हणजे ७८६ किंवा सगळे आकडे सारखे अशा मागणी असलेल्या नंबरात, एखादा आकडा खरवडून बदललेला असतो, तिथं मागून उजेड धरला की कागद पातळ दिसतो.

आता किंमत

विकायला ठेवलेली किंमत म्हणजे भाव नव्हे, हे शंभर वेळा सांगावं लागतं. कुणीही कितीही लिहू शकतो. भाव म्हणजे जी नोट खरंच विकली गेली तिचा आकडा. तो मिळतो लिलावांच्या निकालांत. मुंबई, पुणे, बंगळूर, कोलकात्यात नियमित लिलाव होतात, त्यांचे जुने कॅटलॉग आणि विकल्या गेलेल्या रकमा ऑनलाइन बघता येतात. आपल्या नोटेसारखी, म्हणजे तीच सही, तेच इन्सेट, तीच नंबराची शाई आणि तीच प्रत, असे निदान तीन निकाल शोधा, शक्यतो गेल्या दोन-तीन वर्षांतले. सगळ्यात वरचा आकडा सोडून द्या, कधी दोन हट्टी माणसं भिडतात आणि भाव चढतो. उरलेल्यांचा मधला धरा.

त्यातून घेणाऱ्याचं प्रीमियम, म्हणजे लिलाववाले बोलीच्या वर घेणाऱ्याकडून घेतात ती फी, वजा करायला विसरू नका. समजा हातोडा १०,००० वर पडला, म्हणजे शेवटची बोली तेवढी झाली, प्रीमियम आणि त्यावरचा जीएसटी धरून घेणाऱ्यानं ११,८०० भरले, आणि विकणाऱ्याकडून १० टक्के कमिशन कापलं, तर आपल्या हातात ९,०००. व्यापारी दुकानात रोख देतो तेव्हा त्याला पुढं विकायचं असतं, भाडं असतं, तो ५,५०० ते ६,५०० म्हणाला तर लगेच लुबाडलं असं समजू नका. पण तो किती म्हणतो हे ऐकायच्या आधी आपण आपला आकडा काढलेला पाहिजे.

पीएमजीसारख्या कंपनीकडून ७० गुणांच्या मापावर ग्रेडिंग, म्हणजे प्रत ठरवून, घेणं तेव्हाच परवडतं, जेव्हा फी आणि कुरिअर धरून खर्च नोटेच्या किमतीच्या दहाव्या हिश्श्यात बसतो. ऐंशीच्या दशकातल्या वापरलेल्या एक-दोन-पाच रुपयांसाठी यात पडू नका. त्या नोटा अजून गड्ड्यांनी निघतात, वापरलेल्या असतील तर छापील किमतीच्या जरा वर, बस. ७८६ नंबरला घेणारे असतात, ते श्रद्धेनं घेतात, पण शेवटी ७८६ असलेली नोट दर हजारात एक येतेच, तिचे लाख येत नाहीत. अख्खा नंबर सारखा, १२३४५६ असा चढता, किंवा अगदी पहिलाच, यांना खरी मागणी असते, तीही कोऱ्या प्रतीत.

विकताना

फोनवर कुणी "तुमची नोट ३ लाखांना घेतो, आधी रजिस्ट्रेशनचे २,५०० भरा" म्हणालं तर फोन ठेवा. रिझर्व्ह बँकेनं २०२१ च्या ऑगस्टमधे स्वतः सांगितलंय की असल्या व्यवहारात ती पडत नाही आणि कुणाला तिच्या नावानं फी घ्यायचा अधिकार दिलेला नाही. आमच्या ओळखीतल्या एका निवृत्त शिक्षकांनी तीन हप्त्यांत असे पैसे भरले होते. खरा घेणारा पैसे देतो, मागत नाही.

२०१६ ला बंद झालेल्या ५०० आणि १००० च्या नोटा दहापेक्षा जास्त बाळगणं २०१७ च्या कायद्यानं गुन्हा आहे, अभ्यास किंवा संग्रहासाठी २५ पर्यंत चालतात. १९७८ ला बंद झालेल्या हजार, पाच हजार, दहा हजाराच्या नोटा वेगळ्या, त्या संग्राहकांत उघड विकल्या जातात. पाच हजाराच्या त्या नोटेवर आपलं गेटवे ऑफ इंडिया आहे. शंभर वर्षांपेक्षा जुनी नोट परदेशी पाठवायची असेल तर १९७२ चा पुरावस्तू कायदा आड येऊ शकतो, आधी विचारून घ्या.

नोटा प्रत्यक्ष बघून डोळा तयार करायचा असेल तर मुंबईत फोर्टला रिझर्व्ह बँकेचं नाण्या-नोटांचं संग्रहालय आहे, तिथं दोन तास काढा. काचेमागं ठेवलेली नोट फोटोपेक्षा किती वेगळी दिसते ते तिथंच कळेल. नाशिकरोडच्या छापखान्यात १९२८ पासून आपल्याकडं नोटा छापायला लागले, त्याआधी त्या इंग्लंडहून यायच्या, आणि हा फरक छपाईत दिसतो का हे शोधायला मजा येते.

आणि विकायची असो वा ठेवायची, प्रत्येक नोटेमागं एक कागद ठेवा: कुणाच्या घरात, कशात, कधी सापडली, सही, इन्सेट, नंबर, दोन्ही बाजूंचे फोटो कधी काढले. पोथीतल्या त्या निजामाच्या नोटेबरोबर आजोबांच्या हातची चिठ्ठी होती, कापूस विकल्याचे पैसे म्हणून. ती चिठ्ठी मी त्याच पाकिटात, नोटेच्या मागं ठेवलीय.